विलायतेच्या टपालाची आगबोट

अंबरनाथसारख्या गावाच्या स्मरणिकेत आगबोटींच्या कंपनीचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात प्रथमदर्शनी उद्भवण्याचा संभव आहे. अंबरनाथ हे बंदर नव्हे. येथून समुद्र दिसत नाही, आणि वालधुनीच्या पात्रातून कोणतीही आगबोट कधी गेलेली नाही. तथापि गावालगतच्या लोहमार्गाचा इतिहास पाहू लागल्यास त्याचे एक टोक मुंबईच्या गोदीत, आणि तेथून पुढे एडन, सुएझ, मार्सेल्स या वाटेने थेट लंडनपर्यंत जाऊन पोहोचते. कल्याणास या मार्गाचे दोन फाटे होतात. एक कसाऱ्याकडे वळून थळ घाट चढतो. दुसरा अंबरनाथ, बदलापूर, कर्जत असा जाऊन बोर घाट चढतो. विलायतेहून आगबोटीने आलेल्या टपालाच्या थैल्या मुंबईत उतरल्या की त्यांतील फार मोठा भाग या दोन फाट्यांनीच देशाच्या अंतर्भागाकडे रवाना होत असे.

ती आगबोट ज्या कंपनीची होती तिचे नाव ‘पेनिन्शुलर अँड ओरिएंटल स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’. एवढे लांब नाव उच्चारण्याचे कष्ट कोणी घेत नसे. मुंबईत ती ‘पी. अँड ओ.’ या नावानेच ओळखली जाई. तिचा इतिहास इंग्रजीत पुष्कळांनी लिहिला आहे. पण आपल्या बाजूने, म्हणजे ज्यांच्या घरी ती पत्रे आली आणि ज्यांच्या हातांनी ती वाहिली गेली त्यांच्या बाजूने, तो क्वचितच सांगितला जातो. तो अभ्यासताना एक गोष्ट आम्हास पुनःपुन्हा जाणवली. समुद्र ओलांडून येणाऱ्या पत्राला राज्यकर्त्यांनी, व्यापाऱ्यांनी आणि आपल्या समाजानेही जो मान दिला, तो समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला मिळण्यास फार काळ लागला. ज्ञातिसंघाच्या पृष्ठांवर या गोष्टीचा विचार होणे आम्हास उचित वाटते.

वाफेची शक्ती समुद्रावर येण्यापूर्वी विलायतेचे पत्र शिडाच्या गलबताने आफ्रिकेला वळसा घालून येत असे. त्यास चार ते सहा महिने लागत. पत्र पाठवून त्याचे उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष उलटून जाई. हा कालावधी कमी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईतच झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. ‘ह्यू लिंडसे’ नावाची ४११ टनांची आगबोट मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी बांधली आणि ती २० मार्च १८३० रोजी टपाल घेऊन सुएझकडे निघाली. मार्गात पुरेसा कोळसा मिळण्याची शाश्वती नसल्यामुळे बोटीत शक्य तेथे कोळसाच भरलेला होता. ३३ दिवसांनी ती सुएझला पोहोचली. कोळशाच्या या अडचणीवर इंग्रजांनी जो उपाय शोधला तो साम्राज्याच्या स्वभावास साजेसाच होता. जानेवारी १८३९ मध्ये त्यांनी एडन काबीज केले. टपालाच्या बोटींना कोळसा भरावयास ठाणे हवे, हे त्यामागील प्रमुख कारणांपैकी एक होते.

इकडे इंग्लंडमध्ये याच सुमारास पी. अँड ओ. कंपनीचा उदय झाला. नावातील ‘पेनिन्शुला’ म्हणजे स्पेन-पोर्तुगालचे द्वीपकल्प. तेथील टपाल नेण्याचा करार कंपनीला २२ ऑगस्ट १८३७ रोजी मिळाला. १८४० च्या अखेरीस तिला राजसनद मिळून नावात ‘ओरिएंटल’ म्हणजे पौर्वात्य हा शब्द आला, आणि सप्टेंबर १८४२ मध्ये तिची ‘हिंदोस्तान’ ही आगबोट साउदॅम्प्टनहून कलकत्त्याकडे निघाली. मुंबई-सुएझ मार्ग मात्र ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या आरमाराच्या बोटींसाठी राखून ठेवला होता. त्या सेवेविषयी मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी सतत चालू असत. अखेर १८५४ साली तो मार्गही पी. अँड ओ. कडे सोपविण्यात आला.

टपालाचा करार म्हणजे काय, हे येथे समजून घेणे आवश्यक आहे, कारण या कंपनीच्या वैभवाचे रहस्य त्यातच आहे. त्या काळच्या आगबोटी कोळसा अतोनात खात. केवळ उतारूंच्या भाड्यावर आणि मालाच्या नुरावर लांबच्या मार्गावर त्यांचा खर्च निघत नसे. सरकारने ठरावीक दिवशी, ठरावीक वेगाने टपाल नेण्याची अट घालावी आणि त्याबद्दल दरवर्षी मोठी रक्कम द्यावी, असा हा व्यवहार होता. ठरलेल्या वेळेस उशीर झाल्यास कंपनीस दंड भरावा लागे. प्रारंभीच्या काळात प्रत्येक टपालबोटीवर टपालाच्या रक्षणार्थ आरमाराचा एक अधिकारी स्वतंत्रपणे नेमलेला असे. या सरकारी रकमेत हिंदुस्थानच्या महसुलातूनही वाटा जात असे. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातील काही अंश या परकीय कंपनीच्या बोटींचा वेग राखण्याकडे खर्च होत होता. ज्या कंपनीस असे निश्चित उत्पन्न आहे तिच्याशी बिनसाहाय्याच्या कंपनीने स्पर्धा कशी करावी? समुद्रावरील एकाधिकाराचे मूळ तोफांपेक्षाही या करारनाम्यांत अधिक होते, असे आमचे मत आहे.

इ. स. १८५४ हे वर्ष आपल्या भागाच्या दृष्टीने विशेष स्मरणीय आहे. त्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या तारखेस आगगाडी ठाण्याहून कल्याणपर्यंत आली. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी सर्व हिंदुस्थानासाठी एकाच दराची टपालव्यवस्था सुरू झाली, आणि अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पाव तोळ्याचे पत्र देशात कोठेही जाऊ लागले. आणि त्याच वर्षी मुंबई-सुएझ मार्गाचे टपाल पी. अँड ओ. कडे गेले. आगगाडी, तिकीट आणि आगबोट ही तिन्ही एकाच वर्षात एकमेकांस येऊन भेटली असे म्हणता येईल.

त्यानंतर लोहमार्ग झपाट्याने वाढला. १८५६ साली तो कल्याणहून अंबरनाथ-बदलापुरावरून घाटाच्या पायथ्याशी पोहोचला. १८६३ मध्ये बोर घाटाचा चढाव पूर्ण झाला. दुसऱ्या फाट्याने थळ घाट पार करून ही लाइन मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे कलकत्त्याकडून आलेल्या लोहमार्गास मिळाली. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, आपल्या बाजूचा दक्षिणेकडील मार्ग रायचूर येथे मद्रासच्या लोहमार्गास जोडला गेला. पूर्वी कलकत्ता व मद्रास येथील विलायती टपाल लंकेला वळसा घालून समुद्रमार्गे जात असे. ते आता मुंबईस उतरून आगगाडीने जाऊ लागले. १८६८ पासून विलायत आणि मुंबई यांच्या दरम्यान दर आठवड्यास टपालबोट धावू लागली होती. सर्व हिंदुस्थानच्या विलायती पत्रव्यवहाराचे महाद्वार हा मान मुंबईस मिळाला तो असा. आणि मद्रासकडे जाणाऱ्या थैल्या अंबरनाथच्या ठाण्यावरून रात्री-अपरात्री धडधडत जाऊ लागल्या.

विलायतेपासून मुंबईपर्यंतच्या वाटेवर मिसर देशाचा जमिनीचा पट्टा आडवा होता. प्रारंभी अलेक्झांड्रियास उतरलेल्या टपालाच्या पेट्या कैरोहून सुएझपर्यंत उंटांच्या पाठीवरून वाळवंटातून नेल्या जात. १८५८ मध्ये कैरो-सुएझ आगगाडी झाली. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, तेव्हा बोटी थेट येऊ लागतील असे सर्वांस वाटले, पण पी. अँड ओ. च्या करारात टपाल मिसरमधून जमिनीवरूनच नेण्याची अट होती आणि विलायतेचे टपालखाते ती सोडावयास तयार नव्हते. त्यामुळे कित्येक वर्षे असा चमत्कारिक प्रकार चालला की बोट कालव्यातून जाई आणि तिचे निकडीचे टपाल मात्र आगगाडीने जाऊन पलीकडे तिला पुन्हा भेटे. युरोपातही लंडनहून निघालेले टपाल आगगाडीने इटलीच्या टोकाला ब्रिंदिसी येथे येऊन मग बोटीवर चढे. या सर्व खटाटोपामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे पत्र सुमारे दोन आठवड्यांत मुंबईस पोहोचू लागले.

वेळ वाचविण्याची आणखी एक युक्ती फार थोड्यांस ठाऊक आहे. १८६८ पासून बोटीवरच टपाल कचेरी असे. प्रारंभी सुएझ-मुंबई आणि पुढे एडन-मुंबई या प्रवासात टपालखात्याचे कारकून बोटीवर बसून हजारो पत्रे गावोगावच्या थैल्यांत वेगळी करीत. अरबी समुद्र खवळलेला असो वा शांत असो, बोट मुंबईस लागण्यापूर्वी काम पूर्ण झाले पाहिजे, असा दंडक होता. थैल्या धक्क्यावर उतरल्या की त्या उघडण्याचे कारण उरत नसे. त्या सरळ आगगाडीत चढत. ही फिरती कचेरी १९१४ साली महायुद्ध सुरू होईपर्यंत चालली. १ जून १९१२ पासून तर ‘पंजाब लिमिटेड’ ही खास गाडी विलायती टपालाच्या दिवशी बॅलार्ड पिअरहून निघून कल्याणावरून थेट पेशावरपर्यंत जाऊ लागली. तिच्या सहा डब्यांपैकी तीन टपालासाठी राखून ठेवलेले होते. आपल्या संघाच्या ज्येष्ठ सभासदांपैकी ज्यांनी आर. एम. एस. च्या डब्यात रात्री जागून काढल्या त्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्यांच्या कामाची ही एक पूर्वज शाखा होती.

आता या टपालाने काय घडविले ते पाहू. तारेची केबल १८७० मध्ये मुंबईपर्यंत आली होती. पण तार फार महाग. सरकार आणि मोठे पेढीवाले तारेने बोलत. सामान्य माणूस पत्रानेच बोले. १ जुलै १८७६ रोजी हिंदुस्थान जागतिक टपालसंघात सामील झाला आणि परदेशी टपालाचे दर उतरले. २५ डिसेंबर १८९८ पासून विलायतेस जाणारे साधे पत्र एका आण्यात जाऊ लागले. दादाभाई नौरोजींनी विलायतेत राहून जे कार्य केले ते या साप्ताहिक टपालाच्या आधारावर. काँग्रेसच्या ब्रिटिश समितीचे ‘इंडिया’ हे पत्र लंडनमध्ये छापून इकडे येई. पुढे तरुण सावरकरांनी लंडनहून धाडलेली बातमीपत्रे मराठी वाचकांच्या हाती पडली तीही समुद्रमार्गेच. साम्राज्याने आपल्या सोयीसाठी उभारलेल्या यंत्रणेतून साम्राज्याविरुद्धचे विचार दर आठवड्यास नियमितपणे येत होते, आणि कंपनी त्यांचेही भाडे घेत होती!

परंतु आमच्या दृष्टीने या टपालाची सर्वांत मोठी कामगिरी आपल्या शेजारच्या कल्याण गावाशी निगडित आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणास झाला. त्यांचे पती गोपाळराव हे टपालखात्यातच कारकून होते. १८८० मध्ये गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी अमेरिकेतील एका मिशनऱ्यास पत्र लिहिले. ते तेथील नियतकालिकात छापले गेले, आणि न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या दृष्टीस पडले. कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंस आपण होऊन पत्र लिहिले. एकमेकींना कधी न पाहिलेल्या या दोन स्त्रियांत जो पत्रव्यवहार सुरू झाला त्यातून मावशी-भाचीचे नाते जडले. १८८३ साली आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या.

येथे आपल्या समाजासमोर एक अप्रिय सत्य मांडणे भाग आहे. आनंदीबाईंची पत्रे तीन वर्षे समुद्रापलीकडे जात-येत होती. त्या पत्रांचा कोणास विटाळ झाला नाही. परंतु स्वतः आनंदीबाईंनी जावयाचे ठरविताच धर्माचा प्रश्न उभा राहिला. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात, परत आल्यावर ज्ञातीने बहिष्कार घातल्यास काय कराल, या प्रश्नाचे उत्तर त्या अठरा वर्षांच्याही नसलेल्या स्त्रीस जाहीरपणे द्यावे लागले. समुद्रगमन हे पातक मानून परत आलेल्यास पंक्तीतून उठविणे, प्रायश्चित्त घ्यावयास लावणे, त्याच्या घरी सोयरीक न करणे, हे प्रकार त्या काळी अनेक ज्ञातींत चालत. तेच लोक विलायतेहून आलेल्या मुलाच्या पत्राची आतुरतेने वाट पाहत. त्यातील हुंडी वटवून घेत. त्याच्या परीक्षेचा निकाल वर्तमानपत्रात छापून आणीत. कागद पवित्र आणि त्यावर लिहिणारा हात अपवित्र, ही विसंगती त्यांस दिसली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्यास क्षयाने निवर्तल्या, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचेही पूर्ण झालेले नव्हते. ज्ञातिसंस्थांनी पुढे परदेशगमनासाठी शिष्यवृत्त्या दिल्या, हे त्यांस भूषणावह होय. पण हा बदल कोणत्या दुःखानंतर झाला याचे विस्मरण होता कामा नये.

कागदाला मान आणि हाताला उपेक्षा, हा न्याय बोटीवरही होता. टपालबोटीचे घड्याळ पाळले जात असे ते कप्तानाच्या हुकमाने खरे. पण ते प्रत्यक्षात पाळणारे हात हिंदी खलाशांचे होते. इंग्रज त्यांस ‘लस्कर’ म्हणत. पी. अँड ओ. च्या बोटींवर ठरीव वाटणी असे. डेकवरचे खलाशी बहुधा काठेवाड-गुजरातच्या आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, भट्टीवरचे आगवाले पुष्कळसे पंजाबकडचे, आणि उतारूंच्या जेवणघरातील नोकर गोव्याचे. त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. तांबड्या समुद्रातील उन्हाळ्यात बोटीच्या पोटातील भट्टीपाशी उभे राहून फावड्याने कोळसा लोटणे ही काय तपश्चर्या असेल याची कल्पनाच करावी. बोटीचा वेग तासाला एका मैलाने वाढवावयाचा म्हणजे त्या फावड्यांची गती वाढवावयाची, एवढाच त्याचा अर्थ होता.

या खलाशांचे वेतन गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या साधारणतः तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतके असे. बोटीवर झोपण्यासाठी द्यावयाची जागासुद्धा कायद्याने कमी ठरविलेली होती. १९०६ च्या कायद्याने ब्रिटिश खलाशांची जागा वाढविली, त्या वाढीतून हिंदी खलाशी वगळला गेला. याहून लक्षणीय गोष्ट ऑस्ट्रेलियाची. तेथील सरकारने १९०१ साली टपाल व तार यांचा जो कायदा केला त्यात असे कलम घातले की, ज्या बोटींवर केवळ गोरे लोक काम करतात त्यांनाच टपालाचा करार मिळावा. पत्र हवे, पण ते काळ्या हातांनी वाहिलेले नको, असाच त्याचा आशय होता. पी. अँड ओ. ने हिंदी खलाशांस काढून टाकण्याचे नाकारले. न्यायबुद्धीपेक्षा स्वस्त मजुरीचा हिशेब त्यामागे अधिक होता, हे उघड आहे.

१९१४ साली ब्रिटिश बोटींवर सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते. त्याच वर्षी पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या दोन बलाढ्य कंपन्या एकत्र झाल्या, आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. टपालाच्या बोटी आता जर्मन पाणबुड्यांचे भक्ष्य बनल्या. ज्या ‘पर्शिया’ बोटीने सावरकर ९ जून १९०६ रोजी मुंबईहून विलायतेस गेले होते, तीच बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईकडे येत असता क्रीट बेटाजवळ पाणतीर लागून काही मिनिटांत बुडाली. तीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. ‘साल्सेट’ ही बोट तर आपल्या शेजारच्या साष्टीचे नाव धारण करणारी. १९०८ साली ती खास एडन-मुंबई टपालासाठी बांधली होती. २० जुलै १९१७ रोजी इंग्लिश खाडीत तीही बुडविली गेली. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतले, आणि त्यांनी पोटास चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ ज्या बोटीने येत होते ती शत्रूच्या पाणबुडीने बुडविल्यामुळे तो ठेवा समुद्रतळाशी गेला. ग्रंथांच्या या हानीची हळहळ आजही वाटते. पण त्या युद्धात तीन हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले, त्यांची हळहळ कोणी केली? मुंबईत मशीद बंदर येथील खलाशीगृहात ब्राँझच्या पाट्यांवर दोन हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. समुद्रावाचून ज्यांना दुसरी कबर नाही अशांची ती नावे आहेत. गेटवे ऑफ इंडिया पाहावयास जाणाऱ्यांपैकी किती जण त्या पाट्या पाहतात?

दोष मात्र खलाशाच्या माथी तत्परतेने येई. २० मे १९२२ रोजी पी. अँड ओ. ची ‘ईजिप्त’ ही बोट लंडनहून मुंबईस निघाली असता फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. बोटीत दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते, म्हणून जगभर तिचा बोभाटा झाला. विलायतेच्या वर्तमानपत्रांनी हिंदी खलाशी घाबरले असा गवगवा केला. चौकशीच्या न्यायालयाने मात्र नावा उतरविण्याची तालीम व शिस्त ठेवली नाही म्हणून कप्तानास दोषी धरले आणि त्याचा परवाना काही काळ स्थगित केला. बुडालेले सोने काढण्यासाठी इटालियन पाणबुड्यांनी पुढे कित्येक वर्षे खर्च केली आणि ते बहुतांशी वर आणले.

या एकाधिकारास हिंदी माणसाने आव्हान दिले नाही असे मात्र नाही. १९०६ साली तुतिकोरीन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या भाडेकपातीने आणि सरकारच्या खटल्याने ती चिरडली गेली. स्वतः चिदंबरम पिल्ले १९०८ मध्ये कारागृहात गेले. १९१९ साली सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साहाय्याने सिंदिया कंपनी स्थापन केली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. टपालाच्या कराराचे पाठबळ नसताना, दरयुद्धाला तोंड देत सिंदियाने तग धरला, हे हिंदी उद्योगाच्या इतिहासातील एक तेजस्वी पर्व होय.

पी. अँड ओ. च्या टपालाचा अंत स्वदेशी बोटीने केला नाही. तो विमानाने केला. ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची हवाई टपाल सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आपले छोटे विमान जुहूस उतरविले. १९३८ मध्ये विलायतेची साधी पत्रेही विमानाने येऊ लागली आणि समुद्राच्या वाटेने पार्सले व जड टपाल तेवढे राहिले. ज्या घड्याळासाठी एडन घेतले गेले, वाळवंटात उंट चालले आणि भट्ट्या पेटत राहिल्या, ते घड्याळ शंभर वर्षांच्या आत निरुपयोगी ठरले.

या इतिहासाचा आमच्या मते निष्कर्ष असा. टपालाच्या आगबोटीने जग जवळ आणले, यात संशय नाही. तिने पत्राला अधिकार दिला. ठरल्या दिवशी, ठरल्या तासाला, अभंग मोहरेनिशी पोहोचण्याचा तो अधिकार होता, आणि त्यासाठी सरकारे करार करीत, दंड आकारीत, पहारे बसवीत. असा अधिकार त्याच बोटीच्या तळाशी राबणाऱ्या खलाशाला कोणी दिला नाही. विद्येसाठी समुद्र ओलांडणाऱ्या स्त्रीला तिच्या समाजाने दिला नाही. ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्सच्या बंदरात पी. अँड ओ. च्याच ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी घेणाऱ्या कैद्याला फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवूनही तो मिळाला नाही; हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी त्याच्याविरुद्धच निर्णय दिला. माणसाचे मोल कागदाहून अधिक आहे हे जगास शिकावयास अर्धे शतक आणि दोन महायुद्धे लागली, आणि ते शिक्षण अद्याप पूर्ण झाले आहे असेही म्हणवत नाही.

आपल्या सभासद-कुटुंबांपैकी पुष्कळांचे मूळ कोकणच्या किनारपट्टीत आहे. पुढे कारखान्यांच्या, कचेऱ्यांच्या आणि स्वस्त जागेच्या निमित्ताने आपण अंबरनाथ-बदलापूरकडे स्थायिक झालो. येताना भांडीकुंडी आणली, देव आणले, आणि बहुधा एखादी लोखंडी पेटीही आणली. त्या पेटीत जुनी परदेशी तिकिटे लावलेली पाकिटे असतील. टपालखात्यात नोकरी केलेल्या आजोबांचा निवृत्तीचा कागद असेल. ज्याला बोटीवरचे लोक ‘नळी’ म्हणत ते खलाशाचे नोंदीपुस्तक असेल. कोणी काका वा मामा बोटीवर गेला आणि परतला नाही, एवढीच एक ओळ कोणा घरात सांगितली जात असेल. हे सर्व रद्दीत जाण्यापूर्वी संघाच्या कार्यालयात त्याची नोंद व्हावी, अशी आमची सर्व कुटुंबांस आग्रहाची विनंती आहे. मूळ कागद घरीच ठेवावेत. नाव, गाव, बोटीचे नाव आणि साल एवढे लिहून कळविले तरी पुरे. पी. अँड ओ. च्या प्रत्येक बोटीची लांबी, रुंदी आणि वेग विलायतेत लिहून ठेवलेला आहे. तिच्यावर राबलेल्या आपल्या माणसांची नावे लिहिण्याचे काम आपलेच आहे, आणि ती सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत तोवर ते झाले पाहिजे.